प्रार्थनास्थळांची सहल आणि मुलांचे प्रश्न

वाईजवळच्या मेणवली गावी, कृष्णाकाठच्या घाटावर, देवळांच्या सान्निध्यात एक मोठी ओतीव घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळाला घेतलेल्या एका स्त्रीची आकृतीही आहे. ही स्त्री म्हणजे येशूची माता मरिया. शंकराच्या देवळापाशी मरियेची आकृती असलेली घंटा कशी आली, हा प्रश्न तेथे गेलेल्या चौकस मुलाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर वसईत आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यानंतर तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आणण्यात आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या. नाशिकला गोदावरीकाठी असलेल्या नारोशंकराच्या देवळावरील प्रसिद्ध घंटाही याच विजयाची खूण मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

एका घंटेपासून सुरू झालेला हा प्रश्न मुलाला वसईपर्यंत, तेथून गोव्यापर्यंत आणि पुढे समुद्रापलीकडील लिस्बनपर्यंत घेऊन जाऊ शकतो. प्रार्थनास्थळे पाहण्याचे शैक्षणिक मोल नेमके येथे आहे. पुस्तकातील सनावळी मुले पाठ करतात व विसरतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि स्वतः विचारलेला प्रश्न मात्र त्यांच्या मनात दीर्घकाळ टिकतो.

दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या सहली गोव्याकडे निघतात. कुटुंबेही मुलाबाळांसह जातात. जुन्या गोव्याचा थांबा बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत असतो, परंतु पुष्कळदा तो अर्ध्या तासाचा असतो. मुले रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात, पायऱ्यांवर छायाचित्र काढले जाते आणि बस समुद्रकिनाऱ्याकडे वळते. चारशे वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोरून जातो, पण त्याची ओळख होत नाही. हे टाळावयाचे असेल, तर कोणती स्थळे पाहावीत, काय सांगावे आणि मुलांच्या अवघड प्रश्नांना कसे सामोरे जावे, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हावयास हवा.

आरंभ जवळून : वसई

ठाणे, मुंबई, पालघर आणि नाशिक या भागांतील शाळांना दूर जाण्याची गरज नाही. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरची दोनशे वर्षे हे शहर त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे प्रमुख ठाणे होते. किल्ल्याच्या तटबंदीत आज फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट या संन्यस्त संघांच्या चर्चचे भग्नावशेष आणि संत जोसेफ यांच्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पोर्तुगीज मजकूर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरे रोमन असल्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ती वाचता येतात, मात्र त्यांचा अर्थ कळत नाही. ओळखीची लिपी आणि अनोळखी भाषा यांतला फरक मुलांना समजावून देण्यास याहून सोपे साधन मिळणार नाही.

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे जपानमध्ये गेलेले फ्रान्सिस्कन बंधू. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना इतर साथीदारांसह क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला आणि १८६२ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. वसईचा एक मुलगा चारशे वर्षांपूर्वी जपानपर्यंत कसा गेला, हे नकाशावर बोट फिरवून दाखविल्यास सागरी व्यापाराचा सारा मार्ग मुलांच्या ध्यानात येतो.

पोर्तुगीज सत्ता गेली तरी वसईतील ख्रिस्ती समाज मात्र तेथेच राहिला, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पानवेली, केळी आणि फुलबागा जोपासणाऱ्या या समाजाची बोली मराठीच्या कुळातील आहे आणि तेथील अनेक चर्चमध्ये आजही उपासना मराठीत होते. वसईजवळच्या नंदाखाल येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. किल्ल्यातील पडक्या भिंती पाहून ‘ते लोक निघून गेले’ असा समज मुलांनी करून घेऊ नये, यासाठी भग्न चर्चनंतर गावातील एखादे नांदते चर्च अवश्य दाखवावे. सत्ता गेली पण श्रद्धा राहिली, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एवढे जरी मुलांना कळले तरी वसईची सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.

जुने गोवे : ओसाड झालेली राजधानी

वसईत जो इतिहास अवशेषांच्या रूपाने दिसतो, तो जुन्या गोव्यात बऱ्याच अंशी अखंड उभा आहे. मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील हे स्थान पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर असून कोकण रेल्वेचे करमळी स्थानक तेथून जवळ आहे. अफोन्सो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर जिंकले. तो संत कॅथरिन हिचा सणाचा दिवस होता, म्हणून येथील मुख्य कॅथीड्रल तिच्या नावाने अर्पण झाले. एका तारखेत युद्ध, पंचांग आणि वास्तू यांचा असा मेळ दिसतो.

येथे पोहोचताच मुलांना एक प्रश्न विचारावा : एवढी मोठी चर्चे आहेत, मग शहर कोठे आहे? घरे, बाजार, वस्ती का दिसत नाही? एके काळी हे आशियातील नामांकित शहरांपैकी एक होते. पुढे वारंवार येणाऱ्या साथींनी वस्ती विरळ होत गेली, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पणजीच्या बाजूस हलविले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. दूषित पाणी आणि रोगराई यांपुढे तोफा व तटबंदी निरुपयोगी ठरल्या. पाणीपुरवठा व स्वच्छता हे ज्यांच्या नित्य कामाचे विषय आहेत, अशा पंचायत सदस्यांनाही जुने गोवे विचार करावयास लावील.

से कॅथीड्रलची बांधणी १५६२ मध्ये सुरू झाली आणि मुख्य वास्तू १६१९ मध्ये पुरी झाली. तिची लांबी सुमारे ७६ मीटर आणि रुंदी सुमारे ५५ मीटर आहे. ही लांबी मुलांना बाहेरून पावलांनी मोजावयास सांगावी आणि शाळेच्या मैदानाशी तिची तुलना करावी. समोरून पाहताना दर्शनी भाग एका बाजूस उणा वाटतो. तो का, हे मुलांनाच ओळखू द्यावे. मूळचे मनोरे दोन होते, त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सुवर्णघंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे.

रस्त्यापलीकडे बॉम जीझस बॅसिलिका आहे. १५९४ मध्ये तिच्या कामास आरंभ झाला आणि १६०५ मध्ये ती उपासनेसाठी अर्पण झाली. कोकणातील मुले तिच्या भिंती पाहताच ‘हा तर आमचा चिरा’ असे म्हणतील आणि ते बरोबरच आहे. हा जांभा दगड आहे. मुळात या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज राजवटीतील दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकण्यात आला. वास्तूचे आजचे तांबूस रूप लोकप्रिय झाले असले, तरी उघडा जांभा पावसाने झिजतो आणि त्यामुळे गिलावा पुन्हा करावा काय, याविषयी जाणकारांत चर्चा चालू आहे. कोकणात घराच्या भिंतीला गिलावा का करतात, हे तेथील मुलांना ठाऊक असते. तोच विचार जागतिक वारशाच्या वास्तूलाही लागू पडतो, हे कळले की संवर्धन हा शब्द त्यांना परका वाटत नाही. जुन्या गोव्यातील चर्च व मठ यांचा समावेश युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत केला.

या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष आहेत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे निधन झाले, १५५४ मध्ये त्यांचे पार्थिव गोव्यात आणले गेले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्यांची चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्यातील कारागिरांनी घडविली. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो इटलीतील टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेला असून १६९८ मध्ये येथे उभारला गेला. एकाच समाधीत फ्लॉरेन्सचा दगडकाम करणारा आणि गोव्याचा चांदीकाम करणारा अशा दोघांचे हात लागले आहेत. साधारणतः दर दहा वर्षांनी हे अवशेष जाहीर दर्शनासाठी खाली आणले जातात. असे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दरवर्षी ३ डिसेंबरला संतांचा सण असतो व त्या सुमारास मोठी गर्दी असते. लहान मुलांच्या सहलीसाठी ते दिवस टाळणे श्रेयस्कर.

संत फ्रान्सिस असिसी यांच्या चर्चची जमीन कोरीव थडग्यांच्या शिळांनी व्यापलेली आहे. लगतच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९६४ पासून संग्रहालय चालविले आहे. पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची चित्रे आणि कदंबकालीन वीरगळ एकाच छताखाली येथे पाहावयास मिळतात. आपल्या गावच्या वेशीवर वीरगळ पाहिलेल्या मुलाला तो येथे भेटला की ओळख पटल्याचा आनंद होतो.

मुलांच्या कल्पनेला सर्वांत अधिक चालना देणारे स्थान मात्र संत ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष हे आहे. १६०२ मध्ये पुऱ्या झालेल्या या चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा अर्धवट उभा आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांना बाहेर काढण्यात आल्यावर ही वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये तिचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा व दर्शनी भागाचा काही अंश ढासळला. देखभाल थांबली की दगडाची इमारतही किती लवकर ढासळते, याचा हा धडा आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे धर्मासाठी मृत्यू पत्करावा लागला आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीन संघाच्या लोकांनी गोव्यात आणला, अशी नोंद होती. तिच्या आधारे येथे शोध घेण्यात आला. २००५ मध्ये मिळालेल्या अस्थींची जनुकीय तपासणी हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी केली व त्या राणीच्याच असाव्यात, असा निष्कर्ष २०१३ मध्ये पुढे आला. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतील काही अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. जुना कागद, उत्खनन आणि प्रयोगशाळा यांच्या साहाय्याने इतिहास कसा सिद्ध केला जातो, हे विज्ञानाच्या शिक्षकालाही येथे शिकविता येईल.

नदीपलीकडची गोष्ट

जुन्या गोव्याची सहल चर्चच्या दारातच संपविली, तर ती अर्धीच राहते. उरलेली अर्धी गोष्ट नदीपलीकडे आहे. जुन्या गोव्यातून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देऊळ या बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले. पुढे विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. भाविकांनी देवाचे लिंग नदीपार नार्वे येथे नेले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्वे येथील देवळाचा जीर्णोद्धार केला. तशी नोंद असलेला शिलालेख तेथे आहे. गोवा शासनाने अलीकडे या वास्तूची दुरुस्ती केली व फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पूर्ण झाली.

फोंडे परिसरातील देवळांचा इतिहासही याच स्वरूपाचा आहे. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्या वेळी फोंडे पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते, ते आदिलशाही अमलाखाली होते. म्हणजे एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात या हिंदू दैवतांना आसरा मिळाला. फोंड्यातील साफा मशीद याच आदिलशाही काळातील आहे. देऊळ, मशीद आणि चर्च ही तिन्ही एका दिवसात दाखविता येतील एवढी जवळ आहेत.

या देवळांकडे बारकाईने पाहिल्यास त्यांचे घुमट, कमानी व कठडे चर्चच्या धर्तीवर असल्याचे दिसून येते आणि चर्चमधील लाकडी वेदींवर स्थानिक सुतारांच्या छिन्नीची छाप दिसते. दोन्ही बाजूंना काम करणारे हात याच मातीतले होते. वेगळ्या वळणाचे पुरातन देऊळ पाहावयाचे असल्यास सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ आहे. रानात आडबाजूस असल्यामुळे ते बचावले, असे मानले जाते.

अवघड प्रश्नांची उत्तरे

नार्वे किंवा मंगेशी येथे एखादा मुलगा विचारतोच : ‘आपली देवळे कोणी पाडली?’ सहलीतील सर्वांत कसोटीचा क्षण हाच. शिक्षक गप्प राहिले, तर मूल अर्धवट आणि रागावलेले उत्तर अन्य ठिकाणाहून मिळविते. शिक्षकच आवेशाने बोलले, तर त्याच वर्गात बसणाऱ्या ख्रिस्ती वा मुसलमान मुलाकडे इतरांच्या नजरा वळतात. त्या मुलाने कोणाचेही काही बिघडविलेले नसते. म्हणून खरे ते सांगावे, पुरते सांगावे आणि सन व सत्ता यांसह सांगावे.

सत्य कठोर आहे. सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर तिसवाडी, बार्देश व सासष्टी या तालुक्यांत पोर्तुगीज सत्तेच्या आज्ञेने देवळे पाडण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मध्यंतरीचा थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ज्यांच्याविषयी आज गोव्यात सर्व धर्मांच्या लोकांना आदर आहे, त्या फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात असे न्यायालय नेमण्याची मागणी केली होती. हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु या न्यायालयाचा जाच ज्यांना सोसावा लागला, त्यांत नव्याने ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक मोठ्या संख्येने होते, हे सहसा सांगितले जात नाही. जुना रीतिरिवाज पाळला, जुन्या सणाला गोडधोड केले, एवढ्यावरूनही त्यांच्यावर संशय येई. आज चर्चमध्ये गुडघे टेकणारी गोव्यातील वृद्ध स्त्री ही अनेकदा त्या पीडितांचीच वंशज असते. अत्याचार करणारी सत्ता वेगळी आणि श्रद्धेने प्रार्थना करणारा शेजारी वेगळा, हा विवेक मुलांना देणे हे या सहलीचे खरे प्रयोजन होय.

तुटलेले धागे लोकांनी पुन्हा कसे जोडले, हेही सांगावे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, तरी दरवर्षी छत्र्यांच्या उत्सवात ती वाजतगाजत कुंकळ्ळीस येते आणि त्या मिरवणुकीत गावच्या जुन्या कुळांतील ख्रिस्ती कुटुंबेही सहभागी होतात. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे तेथील हिंदू व ख्रिस्ती दोघेही मानतात आणि एकमेकांच्या सणाला जातात.

मराठी मुलांना आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगता येईल. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. तो येथील भाषा शिकला आणि तिच्या प्रेमात पडला. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने येशूची कथा मराठी ओवीत रचली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्या सत्तेने स्थानिक ग्रंथ नष्ट केले, तिच्याच छायेत ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात एका परदेशी माणसाने मराठी ग्रंथ रचला. इतिहासाच्या अशा गुंतागुंतीची मुलांना ओळख करून दिली, म्हणजे सारे चांगले एका बाजूला आणि सारे वाईट दुसऱ्या बाजूला, अशी सोपी वाटणी त्यांना पटेनाशी होते.

प्रार्थनास्थळातील वर्तन

चर्च हे संग्रहालय नाही, तेथे रोज उपासना चालते. आत जाण्यापूर्वी काही गोष्टी मुलांना समजावून सांगणे आवश्यक आहे. अंगभर साधा पोशाख असावा, टोपी काढावी, आवाज हलका ठेवावा. दारापाशी भांड्यात ठेवलेले पाणी मंत्रित असते, ते हात धुण्यासाठी नसते. बाकांपुढील खालची फळी गुडघे टेकण्यासाठी असते, तिच्यावर पाय ठेवू नयेत. वेदीच्या चौथऱ्यावर चढू नये. मिस्सा चालू असेल, तर मागे उभे राहावे किंवा ती संपेपर्यंत बाहेर थांबावे. मिस्सेत धर्मगुरू भाविकांना देतात ती भाकरी म्हणजे देवळातल्यासारखा सर्वांना वाटावयाचा प्रसाद नव्हे. ती विधिपूर्वक दीक्षा घेतलेल्यांसाठीच असते, म्हणून मुलांनी त्या रांगेत उभे राहू नये. निषेध न समजता, हा त्यांचा नियम आहे, अशा भावनेने हे सांगावे. आपल्या देवळातही गाभाऱ्यापुरते काही नियम असतात, ही तुलना मुलांना चटकन कळते.

छायाचित्रांबाबत तेथील सूचना पाळाव्यात. भिंतींवर नावे कोरणे हा केवळ असभ्यपणा नसून गुन्हा आहे. प्राचीन स्मारकविषयक १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नियोजन आणि जबाबदारी

काही पालकांच्या मनात शंका असते की, मुलाला दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळी का नेले जात आहे. तिचे निरसन आधी पालकसभेतच करावे. मुले तेथे पाहण्यासाठी व समजून घेण्यासाठी जात आहेत, उपासनेसाठी नव्हे, हे स्पष्ट सांगावे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तसेच मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतही कोणास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. त्याच घटनेने ५१-क या अनुच्छेदात, आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली म्हणजे सहलीची दिशा व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

एका दिवसात तीनांपेक्षा अधिक स्थळे दाखवू नयेत. थकलेले मूल काहीच पाहत नाही. लहान मुलांना मोजण्याची, रेखाटण्याची व शोधण्याची कामे द्यावीत : किती घंटा दिसल्या, कोणत्या खिडकीस काचेऐवजी शिंपले आहेत, कोणता प्राणी वा फूल कोरले आहे. आठवी-नववीच्या मुलांनी निघण्यापूर्वीच पाच प्रश्न लिहून आणावेत आणि परतल्यावर त्यांची उत्तरे वर्गात मांडावीत. उन्हाळ्यात दुपारचे ऊन व पावसाळ्यात जांभ्यावरील शेवाळ यांपासून जपावे. केंद्रीय संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा. चर्चच्या धर्मगुरूंना वा देवस्थान समितीला आगाऊ पत्र लिहिल्यास पुष्कळदा एखादी जाणती व्यक्ती माहिती देण्यास स्वतःहून पुढे येते.

ज्यांना गोव्याला जाणे शक्य नाही, त्यांनी आपल्या पंचक्रोशीतून आरंभ करावा. गावाच्या परिसरातील देऊळ, दर्गा, विहार, लेणे, चर्च व वीरगळ यांची एक साधी यादी ग्रामपंचायतीने शाळेच्या मदतीने केली, तर ती मुलांना उपयोगी पडेल आणि वास्तूंच्या संरक्षणासही आधार होईल. ज्याची नोंद नाही ते हरवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मेणवलीची घंटा एके काळी वसईच्या चर्चमध्ये लोकांना प्रार्थनेला बोलावीत होती. आज ती कृष्णाकाठी आहे. तिच्यावरील मरियेची आकृती कोणी घासून काढली नाही, की ती घंटा कोणी वितळविली नाही. जिंकून आणलेली वस्तूही आदराने सांभाळता येते, हे त्या काळच्या माणसांनी दाखवून दिले. पुढच्या सहलीत मुलांना त्या घंटेखाली उभे करावे, तिच्यावरील साल वाचावयास सांगावे आणि मग त्यांच्या प्रश्नांची वाट पाहावी.